लिनक्सची मॅन्युअलं वाचताना अडणाऱ्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांनी नुकतंच उबुंटू किंवा त्याच्या जातकुळीतलं लिनक्स बसवलंय, टर्मिनल उघडलंय आणि "डॉक्युमेंटेशन वाचा, सगळं त्यात आहे" हे ऐकून ज्यांचं डोकं फिरलंय, त्यांच्यासाठी हे पान आहे. माझ्या मते नवखा माणूस शब्दांपाशी कमी अडतो आणि कुणीच न सांगितलेल्या संकेतांपाशी जास्त. म्हणून इथे शब्दार्थांची यादी नाही. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायच्या.

### मला इंग्रजी चांगलं येतं. तरी मॅन पेज का कळत नाही?

कारण मॅन पेज, म्हणजे 'मॅन' ही कमांड दाखवते ते मॅन्युअलमधलं पान, शिकवायला लिहिलेलंच नाही. युनिक्सचं (लिनक्स ज्याच्या धर्तीवर बनलं ती जुनी प्रणाली) पहिलं मॅन्युअल केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी नोव्हेंबर 1971 मध्ये काढलं, ते बेल लॅब्जमधल्या सहकाऱ्यांसाठी. कमांड काय करते हे त्या मंडळींना साधारण ठाऊक असायचं. कोणतं अक्षर दिलं की काय होतं, एवढंच ती बघायला यायची. नाव, वापराचा नमुना, वर्णन, संबंधित फाइली, माहीत असलेले दोष असे मथळे तेव्हाचे आहेत आणि आजच्या मॅन पेजवरही बरेचसे तसेच दिसतात. रेल्वेचं वेळापत्रक वाचून कुणी प्रवास करायला शिकत नाही. कुठे जायचं ते ठरलेलं असेल तर मात्र त्याच्याइतकं कामाचं काही नाही. मॅन पेजचं तसंच आहे.

डॅनिएले प्रोचिदा यांनी 'डायटॅक्सिस' नावाच्या मांडणीत डॉक्युमेंटेशनचे चार प्रकार सांगितले आहेत: हात धरून शिकवणारा धडा, ठरावीक कामाची कृती, संदर्भ आणि विवेचन. नवख्याला धडा हवा असतो आणि त्याच्या हाती संदर्भ पडतो. त्यामुळे पान उघडल्यावर आधी ते कोणत्या प्रकारचं आहे ते पाहा. सगळे पर्याय वर्णानुक्रमे लावलेले दिसले तर तो संदर्भ आहे. तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचा नसतोच.

### मॅन पेज उघडलं. आता बाहेर कसं पडू?

क्यू दाबा. खिडकी बंद करायची गरज नाही. तिरकी रेघ टाइप करून शब्द लिहिला आणि एंटर दाबलं की पानात शोध होतो, एन दाबलं की पुढचा सापडतो. पान लांब असेल तर थेट 'एक्झाम्पल्स' शोधा. 'फाइंड'च्या पानावर चांगली उदाहरणं आहेत, पण बरीच खाली, आणि तिथवर पोचायच्या आधीच लोक दमतात. 'मॅन बॅश' मात्र पहिल्या दिवशी उघडू नका (बॅश म्हणजे उबुंटूचं शेल, टर्मिनलमध्ये तुमची कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम). ते पान नाही, ग्रंथ आहे.

### कमांडच्या नमुन्यात एवढे कंस आणि ठिपके कशासाठी असतात?

हा प्रश्न सुटला की निम्मं काम झालं, म्हणून जरा थांबून पाहू. फाईल कॉपी करणाऱ्या 'सीपी'च्या पानावर वापराचे तीन नमुने आहेत. त्यातले दोन साधारण असे (यातला 'टी' मोठ्या लिपीतला):

सीपी [ऑप्शन]... [-टी] सोर्स डेस्ट
सीपी [ऑप्शन]... सोर्स... डिरेक्टरी

चौकोनी कंसातली गोष्ट दिली तरी चालते, नाही दिली तरी चालते. कंस स्वतः टाइप करायचे नाहीत. तीन ठिपके म्हणजे त्यांच्या आधीची गोष्ट हवी तितक्या वेळा देता येते. मोठ्या लिपीत किंवा अधोरेखित असलेला शब्द म्हणजे रिकामी जागा: तो काढून तिथे आपल्या फाइलीचं नाव घालायचं. ठळक दिसतं ते जसंच्या तसं टाइप करायचं.

आता दोन्ही ओळी पुन्हा वाचा. पहिल्या ओळीत 'सोर्स'नंतर ठिपके नाहीत. म्हणजे एक फाईल घ्या आणि तिची दुसऱ्या नावाने प्रत काढा. दुसऱ्या ओळीत ठिपके आहेत आणि शेवटी 'डिरेक्टरी' आहे. म्हणजे कितीही फाइली द्या, पण शेवटचं नाव फोल्डरचंच हवं. यातून एक धोका कळतो, जो वर्णनात शोधायला वेळ लागेल. तीन फाइलींची नावं देऊन फोल्डरचं नाव विसरलात तर 'सीपी' तक्रार करून थांबतं. दोनच फाइली देऊन विसरलात तर मात्र पहिली ओळ लागू होते आणि दुसऱ्या फाइलीतला मजकूर जाऊन तिथे पहिलीचा येतो. सहसा काहीही न विचारता. अशा वेळी 'आय' हा पर्याय जोडला असेल तर ते आधी विचारतं.

उभी रेघ नमुन्यात दिसली तर 'हे किंवा ते' असा अर्थ. तीच रेघ प्रत्यक्ष कमांडमध्ये आली तर एका कमांडचं उत्तर दुसरीकडे पाठवायचं. एकच खूण, दोन कामं, आणि पान हे सांगत नाही. महिरपी कंसात रेघेने तोडलेले पर्याय असतील तर त्यातला एक निवडावाच लागतो. एक आडवी रेघ असेल तर पुढे सहसा एक अक्षर येतं आणि दोन असतील तर अख्खा शब्द. बऱ्याचदा दोन्ही एकाच गोष्टीची छोटी आणि मोठी रूपं असतात.

### ओळीच्या सुरुवातीला डॉलरचं चिन्ह आहे. ते टाइप करायचं का?

नाही. तुमच्या टर्मिनलमध्ये कर्सरच्या आधी जे चिन्ह दिसतं तेच लेखकाने दाखवलेलं असतं. डॉलर म्हणजे साधा वापरकर्ता, हॅश म्हणजे रूट, अर्थात सगळे अधिकार असलेला वापरकर्ता. लेखक त्या एका चिन्हातून "ही कमांड सुडो (रूटचे अधिकार तात्पुरते देणारी कमांड) लावून चालवा" असं सुचवत असतो, आणि ते वाचकाला आपोआप कळेल असं त्याला वाटतं.

डॉलरसकट कॉपी केलं तर निदान 'कमांड नॉट फाउंड' येतं आणि काहीतरी चुकलंय हे समजतं. हॅशसकट कॉपी केलं तर जास्त पंचाईत. उबुंटूच्या बॅशमध्ये हॅशपुढचं सगळं टिप्पणी धरलं जातं, त्यामुळे काहीच होत नाही, एररही येत नाही. माणूस समजतो काम झालं आणि पुढच्या पायरीवर जातो. चार पायऱ्यांनंतर जे बिघडतं त्याचं कारण मग कुणालाच सापडत नाही.

सेटिंगच्या फाइलीत ओळीच्या आधी असलेला हॅशही टिप्पणीचाच. 'अनकॉमेंट धिस लाइन' असं लिहिलं असेल तर तो हॅश खोडून फाईल सेव्ह करायची, बस.

### दिलंय अगदी तसंच टाइप केलं, तरी 'सिंटॅक्स एरर' येते. का?

बहुतेक वेळा 'तसंच' टाइप केल्यामुळेच. टोकदार कंसात 'युआरएल', 'युजरनेम', 'फाइलनेम' असं काही असेल तर कंसांसकट ते काढून आपली माहिती घालायची असते. शेलच्या दृष्टीने टोकदार कंसाला स्वतःचा अर्थ आहे: डावा कंस फाइलीतून वाचतो, उजवा फाइलीत लिहितो. 'गिट' (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) वापरताना 'गिट क्लोन' पुढे टोकदार कंसातला शब्द तसाच ठेवून एंटर दाबलंत तर शेल उजव्या कंसानंतर फाइलीच्या नावाची वाट बघतं, ते मिळत नाही, आणि 'न्यूलाइन'बद्दल कुरकुरत थांबतं. तुमचं इंटरनेट, गिट किंवा नशीब यांचा त्यात काही दोष नसतो.

'फू', 'बार' ही नावंही अशीच बदलायची. त्यांना काही अर्थ नाही. इंटरनेटचे मानक दस्तऐवज काढणाऱ्यांनी 1 एप्रिल 2001 ला 'फू'च्या उगमावर आरएफसी 3092 काढला, त्याची तारीख पाहिली की त्याचं गांभीर्य कळतं. 'एक्झाम्पल डॉट कॉम' हे नाव मात्र 1999 पासून अधिकृतपणे उदाहरणांसाठी राखून ठेवलेलं आहे. तिथे तुमचा सर्व्हर कधीच नसणार.

एक कारण डोळ्यांना दिसतच नाही. वर्ड किंवा एखाद्या वेबसाइटवरून कॉपी करताना सरळ अवतरणचिन्हांची वाकडी होतात आणि दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ होते. शेलला ही चिन्हं परकी आहेत. शंका आली की तेवढी चिन्हं हाताने पुन्हा टाइप करा.

### कठीण शब्द शोधून तरी सापडतात, पण 'रूट', 'होम', 'स्टेबल' असे सोपे शब्दच का गोंधळात टाकतात?

कारण अनोळखी शब्दापाशी आपण थांबतो, ओळखीच्या शब्दापाशी थांबत नाही. 'रूट'च घ्या. रूट हा सर्वाधिकारी वापरकर्ता. रूट ही सगळ्या फोल्डरांच्या मुळाशी असलेली डिरेक्टरी, जी नुसत्या तिरक्या रेघेने दाखवतात. आणि त्या डिरेक्टरीत 'रूट' नावाचं एक फोल्डर असतं, ते रूट वापरकर्त्याचं घर. म्हणजे 'रूटमध्ये जा' असं वाचलं की तीन अर्थ निघतात आणि संदर्भावरून त्यातला एक निवडावा लागतो. 'ॲज रूट' असेल तर वापरकर्ता. 'द रूट ऑफ द फाइलसिस्टिम' असेल तर डिरेक्टरी. 'प्रोजेक्ट रूट' हा आणखी चौथा: ज्या फोल्डरात प्रकल्पाच्या सगळ्या फाइली आहेत ते सर्वांत बाहेरचं फोल्डर. लिहिणाऱ्यांना याची इतकी सवय असते की एकाच परिच्छेदात दोन अर्थांनी हा शब्द वापरल्याचं त्यांच्या लक्षातही येत नाही.

डेबियनमधलं (उबुंटू ज्यावर आधारलेलं आहे ते लिनक्स) 'स्टेबल' म्हणजे न बदलणारं. त्या आवृत्तीत सुरक्षेचे आणि गंभीर दोषांचे उपाय येतात, एरवी सॉफ्टवेअर आहे त्याच आवृत्तीवर राहतं. 'अनस्टेबल' म्हणजे सतत बदलणारं. ते रोज कोसळतंच असं नाही.

### 'अपडेट' आणि 'अपग्रेड' एकच ना?

फोनवर जवळजवळ एकच, एपीटीमध्ये (उबुंटूत सॉफ्टवेअर बसवणारी कमांड) नाही. 'एपीटी अपडेट' नव्या पॅकेजांची फक्त यादी आणतं; 'एपीटी अपग्रेड' ती पॅकेजं बसवतं. नुसतं पहिलं चालवून "मी तर अपडेट केलंय" म्हणणारे खूप भेटतात. त्यांची चूक नाही, नाव देणाऱ्यांनी आणखी विचार करायला हवा होता.

### सुडोचा पासवर्ड टाइपच होत नाही.

होतो, दिसत नाही. ठिपकेसुद्धा येत नसतील तरी टाइप करत राहा आणि एंटर दाबा.

### 'डेप्रिकेटेड' असं आलं. माझं काही बिघडलं का?

नाही. ती गोष्ट आज चालते, पुढे काढून टाकली जाईल, म्हणून नवी पद्धत वापरा, एवढंच त्यात सांगितलंय. बाहेरचं एखादं सॉफ्टवेअर बसवताना उबुंटू 22.04 मध्ये 'एपीटी-की' वापरलंत तर हा इशारा हमखास येतो.

यामागे खरी अडचण जुन्या पानांची आहे. शोधल्यावर वर येणारं पान दहा वर्षांपूर्वीचं असू शकतं. नेटवर्कची माहिती बघायला 'आयएफकॉन्फिग' चालवा असं ते सांगतं. आजच्या उबुंटूत ती कमांड मुळात बसवलेलीच नसते, तिची जागा 'आयपी'ने घेतली आहे. वाचणाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. म्हणून पानाची तारीख आणि त्यात कोणत्या आवृत्तीचा उल्लेख आहे हे आधी बघा. उबुंटूच्या आवृत्तीचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना: 22.04 म्हणजे एप्रिल 2022. पहिली आवृत्ती 4.10 होती, ऑक्टोबर 2004 मधली.

### 'फेटल', 'किल', 'झोंबी' हे वाचून घाबरायला होतं.

गिटचं 'फेटल: नॉट अ गिट रिपॉझिटरी' एवढंच सांगतं की तुम्ही चुकीच्या फोल्डरात उभे आहात. 'सीडी'ने योग्य फोल्डरात जा, झालं.

'किल' ही कमांड प्रक्रियेला, म्हणजे चालू प्रोग्रामला, संदेश पाठवते. काहीच सांगितलं नाही तर 15 क्रमांकाचा, म्हणजे "आवरून घे आणि बंद हो" असा सभ्य संदेश जातो. 9 दिला तर आवरायची संधी मिळत नाही. त्यामुळे 'किल -9'ने सुरुवात करा असं सांगणाऱ्याचं लगेच ऐकू नका. झोंबी म्हणजे काम संपवलेली प्रक्रिया, जिचा निकाल तिला सुरू करणाऱ्या प्रक्रियेने अजून विचारलेला नाही. ती मेमरी अडवत नाही, यादीतली एक नोंद तेवढी अडवते. ती 'किल'ला दाद देत नाही, कारण ती आधीच संपलेली असते. आणि 'डीमन' म्हणजे पार्श्वभूमीवर चालणारी सेवा; 'एसएसएचडी'सारख्या नावाच्या शेवटी जो 'डी' दिसतो तो त्याचाच.

### पानभर एरर आली. कुठली ओळ वाचू?

पायथनमध्ये शेवटची. तिथे वरच लिहिलेलं असतं की सर्वांत ताजी पायरी शेवटी आहे. सी भाषेच्या कंपायलरमध्ये उलट: पहिली एरर वाचा, कारण एक अर्धविराम राहिला की पुढच्या वीस तक्रारी त्यातूनच निघतात. एपीटीमध्ये 'ई' आणि विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांनी सुरू होणारी ओळ म्हणजे एरर, 'डब्ल्यू'ने सुरू होणारी म्हणजे नुसता इशारा.

मदत मागताना एररचा मजकूर कॉपी करून द्या, स्क्रीनचा फोटो नको. फोटोतला मजकूर शोधताही येत नाही आणि उत्तर देणाऱ्याला चालवूनही बघता येत नाही.

### पासडब्ल्यूडी(5) यातला पाच कसला?

मॅन्युअलच्या विभागाचा. एकमध्ये वापरकर्त्याच्या कमांड, दोन आणि तीनमध्ये प्रोग्रामरांचा मामला, पाचमध्ये फाइलींची रचना, सहामध्ये चक्क खेळ, आठमध्ये व्यवस्थापकाच्या कमांड. नुसतं 'मॅन पासडब्ल्यूडी' म्हटलं तर पासवर्ड बदलायची कमांड दिसते. त्याच नावाच्या फाइलीची रचना हवी असेल तर 'मॅन 5 पासडब्ल्यूडी'. उघडलेलं पान तुमच्या प्रश्नाशी अजिबात जुळत नसेल तर बहुधा विभाग चुकलाय.

### सगळं मराठीत करून घेऊ का?

उबुंटू, फायरफॉक्स, लिबरऑफिस मराठीत वापरता येतात आणि रोजच्या कामाला जरूर वापरा. अडचण येते ती एरर शोधताना, कारण मराठीत भाषांतरित झालेला संदेश शोधला तर फारसं हाती लागत नाही. यावर उपाय आहे: तीच कमांड पुन्हा चालवताना तिच्या आधी 'एलसी_ऑल=सी' मोठ्या लिपीत लिहा, मध्ये एक जागा सोडा. तेवढ्यापुरता संदेश इंग्रजीत येतो, मशीनची भाषा बदलत नाही.

### मराठीतून शिकायला काही आहे का?

आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्प बघा. लिनक्स, लिबरऑफिस, पायथन आणि इतर मुक्त सॉफ्टवेअरवर साधारण दहा दहा मिनिटांचे व्हिडिओ आहेत, मराठीसह अनेक भारतीय भाषांत, मोफत. पडद्यावर सगळं इंग्रजीत दिसतं आणि निवेदन मराठीत चालतं; म्हणजे जो इंग्रजी शब्द तुम्हाला पुढे भेटणारच आहे तो डोळ्यांसमोर राहतो आणि त्याचं स्पष्टीकरण कानांवर आपल्या भाषेत पडतं. मला ही रचना भाषांतरित पुस्तकांपेक्षा उजवी वाटते. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ आणि अर्ध्यावर टर्मिनल ठेवून सोबत करत जायचं, अशी त्यांची पद्धत आहे. काही धडे बऱ्याच जुन्या उबुंटूवर चित्रित झालेत, त्यामुळे खिडक्या वेगळ्या दिसतील. मूलभूत कमांड मात्र त्याच आहेत.

इंग्रजीतच पण थोडक्यात हवं असेल तर 'टीएलडीआर' हा प्रकल्प प्रत्येक कमांडची नेहमीची मोजकी उदाहरणं देतो. लांबलचक कमांड टाकली की तिचा एकेक तुकडा समजावणारं 'एक्सप्लेनशेल' नावाचं संकेतस्थळही आहे.

### एआय चॅटबॉटला विचारलं तर?

एखादा परिच्छेद सोप्या मराठीत समजावून घ्यायला उत्तम. पण कमांडमध्ये कधी कधी अस्तित्वात नसलेला पर्यायही तो बेधडक सांगतो. कमांडपुढे दोन रेघा आणि 'हेल्प' लिहून तो पर्याय तुमच्या मशीनवर आहे का ते आधी बघा.

### 'सिंपली', 'जस्ट' असं लिहिलेलं असतं आणि मला तर दोन तास लागतात.

गूगलच्या डेव्हलपर डॉक्युमेंटेशनच्या शैलीपुस्तिकेत असे शब्द टाळायला सांगितलेलं आहे. तो शब्द डोळ्यांआड करून वाचा, वाक्याचा अर्थ बदलत नाही.

### एखादा शब्द कळला नाही तरी पुढे जाऊ का?

वाचत असाल तर खुशाल जा, दोन परिच्छेदांनंतर बहुधा उलगडतो. कमांड चालवत असाल तर ती काय बदलते यावर ठरवा. 'एलएस', 'कॅट', 'मॅन' अशा नुसतं दाखवणाऱ्या कमांड निर्धास्त चालवा. पण 'आरएम', 'डीडी', 'एमकेएफएस' (डिस्क फॉरमॅट करणारी) यातलं काही असेल, किंवा 'सीएचमॉड' अथवा 'सीएचओन'ला (फाइलीच्या परवानग्या आणि मालक बदलणाऱ्या कमांड) मोठा आर, म्हणजे 'आतल्या सगळ्या फाइलींसकट', जोडलेला असेल, तर एकही अक्षर न कळता एंटर दाबू नका. आरएम कचरापेटीत टाकत नाही, थेट काढून टाकतं. डीडीला चुकीच्या डिस्कचं नाव दिलं तर ते मुकाट्याने त्या डिस्कवर लिहितं. काही कमांडमध्ये रंगीत तालमीची सोय असते: फाइली कॉपी करणाऱ्या 'आरसिंक'ला छोटा एन किंवा 'एपीटी'ला छोटा एस दिला, तर प्रत्यक्षात काहीही न बदलता काय काय होईल त्याची यादी पडद्यावर येते. ती यादी आधी वाचा, आणि मगच तो पर्याय काढून कमांड पुन्हा चालवा.